संध्याकाळची रिंग

ड्रायव्हरकाका पँट कमरेत सैल करून घ्यायला आले, तेव्हा खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. आमच्यातला माणूस अंगाने भरतोय, यापरती चांगली बातमी कुठली? त्यांनी पँट माझ्या कटिंगच्या टेबलावर टाकली, दोन्ही हात वर केले आणि काकूच्या हातचं जेवण अंगी लागतंय म्हणून मिशीतल्या मिशीत हसले. मी टेप कमरेभोवती फिरवली. उजवीकडे ती नीट बसली. डावीकडे, बरगडीच्या खाली, वर सरकली. मी खाली ओढली, ती परत वर गेली. पोट सुटलेल्या माणसांची मापं घेण्यात माझी निम्मी हयात गेली आहे. सुटलेलं पोट पुढे येतं, मधोमध येतं. असं एका बाजूने येत नाही.

"काय गं, टेप अपुरी पडली की काय?" काका म्हणाले.

नाही म्हटलं, आणि शर्टाचंही माप घेऊन ठेवते असं काहीतरी पुटपुटून टेप मानेला लावली. कॉलरमध्ये माझी बोटं आरामात गेली. हा शर्ट मीच शिवला होता आणि तेव्हा काका गळा आवळतो म्हणून कुरकुरले होते. माणूस जाड होतो तो सगळीकडून होतो. यांची मान वाळत चालली होती आणि पोट डावीकडून वाढत होतं. पण तोंडाने मी फक्त एवढंच म्हटलं की रविवारनंतर या, तयार ठेवते.

आमच्यातला माणूस म्हणजे काय ते सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काकांना आणि मला रक्ताचा कॅन्सर आहे. नाव ऐकून लोक पायाखाली साप आल्यासारखे मागे सरकतात, पण आमचा जरा सावकाश चालणारा आहे. रोज एक गोळी, आयुष्यभर. गोळी चालू आहे तोवर तो झोपलेला असतो. डॉक्टरांनी मला हेच सांगितलं होतं, की झोपलाय, मेलेला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी घरात पाय न वाजवता चालत होते, हवं तर नवऱ्याला विचारा.

माझं कळलं ते कपड्यांवरूनच. स्कर्ट डावीकडून आवळायला लागला. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. थंडीतही अंगातला कपडा पिळून काढावा इतका घाम यायचा. नवऱ्याला वाटलं, घरात पाळणा हलणार. त्याने नावं शोधण्यापर्यंत मजल मारली होती. निघाली ती सुजलेली प्लीहा. असा काही अवयव आपल्या डाव्या कुशीत असतो, हेही आम्हा दोघांना ठाऊक नव्हतं.

गोळी सुरू झाली आणि पोट खाली बसलं, पण गोळीचे स्वतःचे नखरे होते. मळमळ, पिंढऱ्यांत पेटके, आणि पापण्या अशा सुजायच्या की आरशात मीच मला ओळखत नसे. गिऱ्हाइकं माप देता देता हळूच विचारायची, घरी सगळं ठीक आहे ना? एका बाईने तर माझ्या नवऱ्याकडे असं रोखून बघितलं की बिचारा आतल्या खोलीत जाऊन बसला. शेवटी मी ठरवलं, बास झालं. गोळी बंद. मरायचंच असेल तर निदान स्वतःच्या चेहऱ्याने मरू.

त्याच सुमारास हॉस्पिटलमध्ये रक्त तपासायला गेले असताना बाकावर माझ्या शेजारी एक उंच म्हातारा येऊन बसला. मी मान खाली घालून होते. तो वाकून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "रडलेली नाहीस तू. गोळीची सूज आहे ही. माझ्याकडे बघ."

मी बघितलं. त्याच्या पापण्या माझ्याहून फुगलेल्या होत्या. डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन चिरा. मी कितीतरी दिवसांनी खळखळून हसले, आणि मग तिथेच, सगळ्यांदेखत, हुंदके देऊन रडले. तो म्हातारा म्हणजे ड्रायव्हरकाका. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले आणि घरी बसवेना म्हणून एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला जाणारे. त्या शाळेच्या वर्गातच महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यासारखी पाचसहा माणसं जमायची. काकांनी मला तिथे नेलं. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई होत्या, एक फोटोवाला होता, एक नर्स होती. कुणी कुणाला धीर देत नसे, हे मला फार आवडलं. पेटका आला की पाय भिंतीला कसा टेकवायचा, गोळी भरल्या पोटी घेतली तर मळमळ कशी कमी होते, असल्याच गप्पा. घरच्यांना सांगता येत नाही ते तिथे हसत हसत सांगता येई.

तरी माझं गोळीशी जमेना. नवरा "घेतलीस का?" म्हणाला की मी मुद्दाम टाळाटाळ करायची, उपदेश ऐकला की माझ्या अंगात येतं. काकांनी ते बरोबर ओळखलं. म्हणाले, मी काही विचारणार नाही. संध्याकाळचं जेवण झालं की मी माझी गोळी घेईन आणि तुला एक रिंग देईन. दोनदा वाजली की कापणार. तू उचलायचं नाही, उलट फोन करायचा नाही. मी घेतली, एवढाच त्याचा अर्थ. पुढे तू काय करायचं ते तू बघ.

मी घ्यायला लागले. सत्तरीकडे झुकलेला माणूस आपले पेटके सोसून गोळी गिळतो आणि आपण नखरे करायचे, हे मला जमलं नाही. रिंग आली की गोळी, अशी अंगाला सवयच लागली. पुढे माझे रिपोर्ट इतके चांगले आले की डॉक्टर मला बघून हसायला लागले. त्याचं श्रेय गोळीला द्यायचं की त्या दोन घंट्यांना, मला विचाराल तर मी घंट्यांना देईन.

आता कळेल की त्या दिवशी पँट टाकून काका निघून गेल्यावर मी किती अस्वस्थ झाले असेन. संध्याकाळी नेहमीच्या वेळेला रिंग आली. दोनदा वाजली, थांबली. मी गोळी तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. रिंग आली म्हणजे काकांनी गोळी घेतली. गोळी घेतली म्हणजे तो झोपलेला. मग टेप वर का सरकते?

एक उत्तर मला माहीत होतं आणि ते मला नको होतं. काही जणांत गोळीच चालेनाशी होते. आमच्यातल्या नर्सचं तसंच झालं होतं. तिची खुर्ची अजून वर्गात खिडकीपाशी आहे आणि कितीही गर्दी झाली तरी तिच्यावर कुणी बसत नाही. कुणी ठरवलेलं नाही, पण बसत नाही. मी गोळी गिळली.

रविवारी वर्गात गेले तेव्हा काका आधीच फळ्याखाली बसले होते. त्या वर्गाच्या भिंतींवर सगळीकडे रस्त्याच्या खुणांचे तक्ते आहेत. थांबा. पुढे रस्ता अरुंद. पुढे धोकादायक वळण. आम्ही त्यांची नेहमी थट्टा करायचो. फोटोवाला म्हणायचा, आपल्या रोगाला याहून चांगला वर्ग मिळणार नाही. त्या दिवशी मला थट्टा सुचली नाही.

सगळे काकांचं कौतुक करत होते. फोटोवाल्याने तर त्यांना उजेडाकडे तोंड करून वळवून बसवलं होतं. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही दहा वर्षांनी तरुण दिसायला लागलात. चेहरा कसा हलका झालाय." काका मिशीला पीळ देत माझ्याकडे वळले, आणि मला त्यांचे डोळे दिसले. ते घारे आहेत. इतक्या वर्षांत मला ते ठाऊक नव्हतं, कारण सुजलेल्या पापण्यांआडून ते कधी धड दिसलेच नव्हते.

ती सूज काय असते हे मला माहीत आहे. बर्फ लावा, उशी उंच घ्या, मीठ सोडा, ती जात नाही. गोळी चालू आहे तोवर ती असते. ती पूर्ण जायचा एकच मार्ग आहे. आणि हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण आपल्यातला एक जण इतका छान दिसतोय याचा आनंदच इतका होता की बाकी कुणाच्या मनातही आलं नाही. रोगाबद्दल एवढं जाणणारी माणसं, तीच नेमकी सूज उतरली म्हणून हुरळली. रिपोर्टचं विचारल्यावर काकांनी नेहमीचं उत्तर दिलं, गाडी एकदम टॉप गिअरला. मी घोटभर पाणी प्यायले आणि काहीतरी निमित्त काढून लवकर उठले.

संध्याकाळी रिंग आली. दोनदा वाजली, थांबली. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या आवाजाची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी काका पँट न्यायला आले. मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, त्यांना स्टुलावर बसवलं आणि सरळ विचारलं.

"गोळी कधी सोडलीत?"

त्यांनी आधी कानांवर हात ठेवले. मग, मला वाटतं, थकले. हळूहळू सगळं सांगितलं. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. हिवाळा लागायच्या आधी एक मुलगी गाडी चालवत होती. वळणावर ती गोंधळली, समोर रस्ता ओलांडणारी माणसं, आणि काकांनी ब्रेकवर पाय दाबायला जावं तर पिंढरीत पेटका. पाय लाकडासारखा ताठ. गाडी फुटपाथच्या कठड्याला घासून थांबली म्हणून निभावलं. कुणाला खरचटलंही नाही. पण काकांना त्या दिवसापासून डोळे मिटले की तो ब्रेक दिसायचा, आणि आपला पाय, जो त्यांचं ऐकत नव्हता. त्यांनी गोळी बंद केली. पेटके गेले. सूजही गेली. काकूला त्यांनी सांगितलं की डॉक्टरांनीच थोडे दिवस बंद ठेवायला सांगितली आहे. हॉस्पिटलमधून गोळ्या ते आणत राहिले आणि रक्त तपासायचं टाळत राहिले.

"आणि रिंग?" मी म्हटलं. "ती कशाला चालू ठेवलीत?"

"ती बंद केली असती तर तू घेतली असतीस?"

मला राग असा आला की हातातली कात्री मी टेबलावर आपटली. म्हटलं, रोज संध्याकाळी तुम्ही माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीत. तुमच्या भरवशावर मी गोळी गिळत होते आणि तुम्ही तिकडे नुसता फोन वाजवत होतात. बस चालवताना कधी ब्रेक दगा द्यायला लागला, तर मागे वळून लोकांना सांगायचं नसतं, असं काका म्हणाले. लोक घाबरून उड्या मारतात.

"मी मागच्या सीटवर बसलेली नाहीये, काका," मी म्हटलं. "मला तोच आजार आहे."

ते एकदम माझ्याकडे बघायला लागले. ते घारे डोळे मला सहन होईनात. मी पर्समधून माझी गोळी काढली, टेबलावर ठेवली आणि सांगितलं की ही इथेच राहील. तुम्ही आत्ता माझ्याबरोबर हॉस्पिटलला आलात तर संध्याकाळी घेईन, नाहीतर नाही. हा रडीचा डाव होता हे मला कळत होतं. पण माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. काका त्या गोळीकडे बघत उठले आणि कोट चढवायला लागले.

डॉक्टरांनी त्यांना आडवं झोपवून डाव्या बरगडीखाली बोटं दाबली. दाबता दाबता ते थंडीबद्दल काहीतरी बोलत होते, ते मध्येच थांबले. बोटं खाली खाली सरकत गेली, पार बेंबीच्या जवळ. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मला वाटलं होतं की आता ओरडा बसणार. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात बोलायला लागले आणि काकांना त्यांनी पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढून दिली. गोळी आजपासूनच परत सुरू करू म्हणाले, पण हाडातला मगजही तपासायचा. तो नुसता जागा झालाय की पुढे निघून गेलाय, ते बघावं लागेल.

रिपोर्ट यायला वेळ लागला. तेवढ्या दिवसांत काकांनी गाडीवर जाणं सोडलं. किल्ली स्वतः नेऊन दिली आणि वर्गात बसून नुसत्या रस्त्याच्या खुणा शिकवायला लागले. हे यांना आधी सुचलं असतं तर, असं काकू माझ्याजवळ एकदाच म्हणाल्या. पेटक्याचं डॉक्टरांना नुसतं सांगितलं असतं तरी डोस बदलून दिला असता, हे आम्हाला तिथे कळलं. काकांनी ते आम्हालाही सांगितलं नव्हतं. ज्या वर्गात आम्ही पेटक्यांवरून हसायचो, तिथे बसून त्यांनी स्वतःचा पेटका लपवला होता.

रिपोर्ट आला. आजार नुसता जागा झाला नव्हता, पुढे निघून गेला होता. आता ॲडमिट व्हायचं, मोठी औषधं घ्यायची, सोबत गोळीही चालू, आणि मग बघू. डॉक्टरांनी 'मग बघू' हे दोनदा म्हटलं.

ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी काका दुकानात आले. अंगात तीच पँट. तेव्हा मी ती कमरेत सैल करताना फक्त कच्चे टाके घालून दिले होते, लांब लांब, हाताने. आता ते पांढरे धागे बेल्टच्या खाली दिसत होते.

"यावर पक्की शिलाई मार," ते म्हणाले. "उद्या हीच घालून जायचंय. चारचौघांत धागे लोंबायला नकोत."

"नाही मारणार. ती परत आत घ्यायची आहे."

"धागे दिसतात गं."

"दिसू देत."

ते हसले. स्टुलावर बसताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला; आधी कधी घेत नसत. चेहऱ्यावर सूज परत यायला लागली होती, पापण्या जड झाल्या होत्या, आणि मला त्या सुजेचा मुका घ्यावासा वाटला. म्हणाले, एक सांगायचं राहिलंय. उद्यापासून उलटं करू. तू आधी घ्यायची आणि मला रिंग द्यायची. दोनदा वाजली की कापायचं. तुझी आली की मी माझी घेईन.

"आणि मी नाही घेतली तर?"

"तर मीही नाही," काका म्हणाले. माझाच रडीचा डाव त्यांनी जसाच्या तसा माझ्या पदरात टाकला होता. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना सोडवतही नव्हतं. ते निघाले तेव्हा रस्त्याच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी दारात उभी राहिले. डाव्या हाताने त्यांनी कुशीला धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवलो. मी भांडी तशीच ठेवली. ग्लास भरून घेतला आणि गोळी हातावर ठेवली. कुठूनही काही वाजणार नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ती आपणहून घ्यायची होती. घेतली. पाण्याचा शेवटचा घोट गिळला आणि काकांचा नंबर लावला.

एकदा वाजलं. दुसऱ्यांदा वाजलं. मी कापलं.

मग घर शांत झालं. मी फोनकडे बघत बसले. त्याच्यावर काही येणार नव्हतं. उलट फोन करायचा नाही हा नियमच होता. हॉस्पिटलच्या त्या खोलीत फोन वाजला का, उशीखाली होता का, काका जागे होते का, काकूने ग्लास पुढे केला का, त्यांनी गिळली का, मला काहीच कळणार नव्हतं. रिंग ज्याला येते त्याला धीर मिळतो. देणाऱ्याला काही मिळत नाही. काका रोज संध्याकाळी मला रिंग देऊन असेच बसत असणार, मी घेतली की नाही याचा विचार करत, डाव्या कुशीवर हात ठेवून. वर्षानुवर्षं. मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं की हो, घेतली.

आतून नवऱ्याने विचारलं, "घेतलीस का?"

या वेळी मला राग आला नाही. हो म्हटलं.

"आणि काकांनी?"

मी फोन उचलून कानाला लावला, जसं काही अजून ऐकू येईल. मग खाली ठेवला.

"माहीत नाही," मी म्हटलं.